हात जाईल तिथे बटण

खाणीकडे जाणारा रस्ता डांबर सोडून खडीला लागतो, तिथे डाव्या हाताला पत्र्याची एक लांब शेड आहे. शेडवर पाटी नाही. पूर्वी होती. एका गिऱ्हाइकाने गाडी मागे घेताना ती पाडली आणि मिस्त्रींनी तिचाच पत्रा कापून पुढच्या गिऱ्हाइकाच्या गाडीला चिखल अडवणारी पट्टी करून दिली. त्या गाडीच्या मागच्या चाकावर दुकानाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं अजून वाचता येतात. मिस्त्रींच्या बायकोच्या मते धंद्याची ही एकुलती एक जाहिरात.

शेडमध्ये एका वेळी तीन गाड्या मावतात. लोक त्यांना नुसतं ‘साइड-बाय-साइड’ म्हणतात. शेजारीशेजारी दोन सीट, चार जाड चाकं, डोक्यावर लोखंडी पाइपांचा पिंजरा आणि मागे सामान टाकायला छोटा हौदा. डोंगर, खाण, रेताड, चिखल, जिथे साधी गाडी माघार घेते तिथे ही जाते. पण कारखान्यातून ती उघडीबोडकी येते. काच नाही, छप्पर नाही, दार नाही. बाकीचं ज्याने त्याने आपल्या कामाप्रमाणे बाहेरून लावून घ्यायचं. ते लावून देणं हा मिस्त्रींचा एकवीस वर्षांचा धंदा.

मिस्त्री अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. उंच, खांदे जरा पुढे आलेले, बोलणं बेताचं. या धंद्याआधी ते बसच्या बॉडी बांधायचे. बोलण्याचं खातं बायकोकडे आहे. सुट्या भागांची खोली तीच सांभाळते, फोन तीच घेते, आणि फोनमध्ये चकचकीत फोटो घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तीच जमिनीवर आणते.

“मला छपरावर असे बारा दिवे पाहिजेत,” एखादा पोरगेलासा मालक फोटो दाखवतो.

“कशाला? विमान उतरवायचंय?”

दिवे शेवटी दोन लागतात.

मिस्त्रींचे नियमही दोनच. पहिला, पिंजऱ्याला भोक पाडायचं नाही. गाडी उलटली तर आतल्या माणसाचं डोकं त्या पाइपांवर शाबूत राहतं, आणि भोक पडलेला पाइप नेमका तिथेच वाकतो. म्हणून काच असो, आरसा असो, दिवा असो, सगळं क्लॅम्पने आवळायचं. “खिसा पाहिजे म्हणून कुणी कातडीला टाके घालतं का?” एवढंच ते विचारतात. ज्याला भोकच पाडून हवं असतं तो दुसरीकडे जातो.

दुसरा नियम खडूचा. तो कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही. खूप वर्षांपूर्वी खाणीच्या एका मुकादमाला त्यांनी दिव्यांची आणि विंचची बटणं कंपनीच्या चित्राबरहुकूम लावून दिली होती. विंच म्हणजे गाडीच्या नाकाशी बसवलेलं दोर गुंडाळणारं यंत्र. अडकलेली गाडी ते दोराने ओढून काढतं. बोगद्याच्या तोंडाशी मुकादमाने दिवा लावायला हात घातला आणि विंच चालू केला. दोराच्या हुकासकट पुढचा बंपर आत गेला. कुणाला काही झालं नाही. मुकादम वाकडा बंपर घेऊन शेडमध्ये आला आणि म्हणाला, “तुमचं बटण बरोबर जागी आहे हो, माझाच हात चुकला.” या वाक्यावर मिस्त्रींनी बराच विचार केला. मग त्यांनी शाळेत असतात तसल्या पांढऱ्या खडूंची पेटी विकत आणली.

तेव्हापासून प्रत्येक मालकाला ते गाडीत बसवतात, पट्टा आवळतात आणि डोळे मिटायला लावतात. मग जरा थांबून, अचानक ओरडतात, “दिवा!” माणसाचा हात आपोआप कुठेतरी जातो. बोट जिथे टेकेल तिथे खडूची खूण. हात हवेतच थांबला तर मिस्त्री त्या बोटाखाली खडू धरतात आणि मागाहून तिथवर पाइपचा दांडा आणतात. “भोंगा!” “विंच!” प्रत्येक शब्द तीनदा, उलटसुलट. तिन्ही खुणा जवळ पडल्या की बटणाची जागा ठरली. थट्टा करणारे करतात. दुकानाचं नाव मात्र विसरलं गेलं आणि मिस्त्री ‘खडूमिस्त्री’ झाले.

इतक्या वर्षांत हा नियम त्यांनी एकदाच मोडला. आपल्या सख्ख्या बहिणीसाठी.

बहीण पाच वर्षांनी मोठी, गुरांची डॉक्टर. डोंगरातल्या अकरा गोठ्यांची फेरी गेली तीस वर्षं तिच्याकडे. गोठे एकमेकांपासून लांब, मध्ये चढ-उतार, दगड आणि एक ओढा. ती आधी पायी जायची, मग जुन्या मोटरसायकलवर. मागच्या थंडीत एका गोठ्याच्या दारात घसरून पडली आणि तिचा डावा खुबा मोडला. खुब्याचा सांधा बदलला. नऊ महिने घरात. त्या नऊ महिन्यांत शहरातल्या दवाखान्याने ठरलेल्या तारखांना माणूस पाठवला, पण अडलेल्या गाई तारखा पाहत नाहीत. एका घराने डॉक्टरची दोन दिवस वाट पाहिली आणि गाय, वासरू दोन्ही गमावलं.

म्हणून पशुपालक संघाच्या बैठकीत दोन मतं पडली. एक मत, डॉक्टरांना परत आणा. दुसरं, त्यांना आता झेपेल का ते आधी बघा. संघाचे सचिव, बारीक अंगाचे, कायम प्लास्टिकचं फोल्डर बगलेत धरलेले गृहस्थ, दुसऱ्या मताचे होते.

“माझं तुमच्याशी काही वाकडं नाही, डॉक्टर,” ते म्हणाले. “पण उद्या तुम्हीच वाटेत अडकून पडलात तर गाईला सोडवायचं की तुम्हाला?”

“मग ड्रायव्हर द्या त्यांना,” कुणीतरी सुचवलं.

“नको,” डॉक्टर म्हणाल्या. “ड्रायव्हरला घाई असते, गाईला नसते.”

शेवटी असं ठरलं की संघाची एक जुनी साइड-बाय-साइड डॉक्टरांनी त्यांच्या सोयीप्रमाणे करून घ्यायची. ठरलेल्या सोमवारी सचिव शेजारच्या सीटवर बसतील, कशालाही हात लावणार नाहीत. सूर्य मावळायच्या आत अकरा गोठे एकटीने झाले तर फेरी डॉक्टरांकडे. नाही झाले तर शहरातल्या दवाखान्याशी कायमचा करार.

डॉक्टर गाडी घेऊन भावाकडे आल्या. म्हणजे ट्रकच्या हौद्यावर गाडी आली आणि ट्रकवाल्याच्या शेजारी बसून त्या आल्या.

“धाकट्या, काय करायचं ते तू बघ,” त्या म्हणाल्या. “मला रोज व्यायामाला जायचंय. त्या बाई मला जिन्याच्या एका पायरीवर वीस मिनिटं चढ-उतार करायला लावतात. बैलाला घाण्याला जुंपतात तशी.”

“आणि तुम्ही जाता?” मिस्त्रींच्या बायकोने विचारलं.

“जाते गं वहिनी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बैलांना जुंपायला लावलं, आता फेडते.”

मिस्त्रींनी बारा दिवस दुसरं काम घेतलं नाही. चढायला एक रुंद पायरी केली. ड्रायव्हरची जागा या गाडीत डावीकडे असते. तिथल्या खांबाला हाताने धरायला जाड मूठ बसवली आणि तिच्यावर काळं रबर चढवलं. अर्धी काच, छप्पर, हौद्यात वासरू आडवं ठेवता येईल असा उथळ ट्रे, हात धुवायला पाण्याची टाकी आणि छोटा पंप, पुढे विंच, बाजूला गोठ्यात उजेड पाडणारे दोन दिवे. आणि दोन सीटच्या मधोमध, गिअरच्या दांड्याखाली, एक स्टीलची पेटी. आत सुया, बाटल्या, हातमोजे यांचे वेगवेगळे कप्पे, झाकणाला रबरी कड, धूळ आत जायला वाव नाही. ही पेटी त्यांनी चार दिवस घडवली. शेजारच्या गॅरेजवाल्याला दोनदा बोलावून झाकण उघडून-मिटून दाखवलं. एकवीस वर्षांत त्यांनी कुणाला काही बोलावून दाखवलं नव्हतं.

बटणांची वेळ आली तेव्हा बायको म्हणाली, “वन्संना एकदा बसायला बोलवा की.”

“कशाला? तिचं माप मला पाठ आहे.”

यात खोटं काही नव्हतं. भावंडं एकाच उंचीची. लहानपणी तिचे रेनकोट यांच्या अंगावर यायचे आणि नीट बसायचे. ती डावखुरी, जेवताना कोपर कोपराला लागू नये म्हणून ती कायम डाव्या टोकाला आणि हे तिच्या उजव्या हाताला, अशी जागा घरात ठरलेली होती. मिस्त्री स्वतः गाडीत बसले. बहीण व्हायचं म्हणून उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला, डोळे मिटले आणि डाव्या हाताने बटणं शोधली. बायकोने खडू धरला. चारही बटणं, दिवा, भोंगा, विंच, पंप, स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, मुठीच्या वर, एका सुबक पाटीवर बसली.

“छान केलंस रे,” गाडी न्यायला आलेल्या डॉक्टर म्हणाल्या. पेटीचं झाकण त्यांनीही दोनदा उघडून-मिटून पाहिलं. पायरीवरून चढल्या, मूठ धरली आणि खडी उडवत गेल्या. सोमवारला नऊ दिवस होते.

आठवड्याने प्रत्येक गाडी परत आणायची अशी मिस्त्रींची अट असते. नवे क्लॅम्प खडबडीत रस्त्यावर सैल होतात. ते पुन्हा आवळायचे. डॉक्टर शनिवारी सकाळी आल्या. कमी उंचीवर बसायची त्यांना मनाई, म्हणून मिस्त्रींच्या बायकोने दोन टायर एकावर एक ठेवून वर फळी टाकली. त्या फळीवर चहाचा कप घेऊन त्या बसल्या.

मिस्त्री पाना घेऊन गाडीभोवती फिरू लागले. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत ते थांबले.

मुठीवरचं रबर गुळगुळीत होऊन चमकत होतं आणि एका बाजूला पिळलं होतं. एका आठवड्यात रबर इतकं झिजायला ती मूठ कुणीतरी दिवसभर, सगळ्या ताकदीने, धरून ठेवावी लागते. तिच्यावर चार बोटांच्या अंतरावर बटणांची पाटी होती. बटणांवर धूळ होती. सारखी, सपाट, एकाही बोटाची खूण नसलेली धूळ. विंचच्या हुकाला कारखान्याची लाल फीत तशीच बांधलेली. आणि खाली, पुढच्या कडीला, साखळीचे ताजे ओरखडे.

“ताई, गाडी ओढ्यात अडकली होती?”

“कोण म्हणालं?”

“गाडी म्हणाली.”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. “एका मेंढपाळाने ट्रॅक्टरने ओढली. बुधवारी. त्यात काय एवढं?”

“विंच का नाही लावलास?”

“गाडी डावीकडे कलली होती. हात सोडला की सगळा भार खुब्यावर यायचा. सोडवेना.”

“मग भोंगा वाजवायचा.”

“तोही तिथेच आहे ना, डावीकडे. उजवा हात तिथवर न्यायचा तर अंग वळवावं लागतं, खुबा वळू देत नाही.”

“किती वेळ बसलीस?”

“दोन तास.”

गोष्ट सरळ होती. ज्या डाव्या हाताने बहिणीने तीस वर्षं सुया टोचल्या, तो हात आता मोकळा नव्हता. उतार लागला, गाडी कलली, खड्डा आला की तो मूठ धरून शरीर तोलायचा. स्टिअरिंग उजव्या हाताने. ती अजून डावखुरी होती, पण गाडीत बसली की नव्हती. हे कळायला खडूचा एक तुकडा पुरला असता.

“आठवडाभर बोलली का नाहीस?”

“बोलून काय? परवा ते फोल्डरवाले शेजारी बसणार. आता काही नवीन शिकायला वेळ नाही. ओढ्याला वळसा घालून जाईन.”

“ओढ्याला वळसा आहे?”

“नाही.”

मिस्त्रींची बायको सुट्या भागांच्या खोलीच्या दारात उभी होती. “बहीण दुखणं सांगत नाही आणि भाऊ विचारत नाही,” ती म्हणाली. “गावाला खडू आणि घरच्यांना अंदाज. वा!”

मिस्त्रींनी भिंतीवरच्या फळीवरून खडूंची पेटी काढली आणि एक खडू निवडला. “बस गाडीत.”

“मी काय गिऱ्हाईक आहे?”

“नव्हतीस, तिथेच चुकलं. बस. पट्टा लाव. मूठ जशी धरतेस तशी धर. डोळे मीट.”

“वहिनी, हसू नकोस.”

“मी कुठे हसतेय?”

“मला ऐकू येतंय.”

मिस्त्री थांबले. ते नेहमी थांबतात तेवढेच. मग ओरडले, “विंच!”

डॉक्टरांचा डावा हात मुठीवरून दोन इंच उचलला गेला. मग परत गेला आणि पहिल्यापेक्षा घट्ट बसला. त्याच क्षणी उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला, खाली आला आणि बोटं स्टीलच्या पेटीच्या झाकणावर आपटली. मिस्त्रींनी खूण केली. “भोंगा!” पुन्हा पेटी. “दिवा!” पेटी. “पंप!” पेटी, जरा पुढे. बारा हाकांनंतर चकचकीत झाकणावर बारा पांढऱ्या खुणा होत्या, सगळ्या एका तळहाताखाली झाकल्या जातील एवढ्या जागेत.

“उघडू डोळे?”

“उघड.”

डॉक्टरांनी झाकण पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. “पेटीच्या कडेला कुठे बसतील का रे बटणं? पेटी चांगली झालीय.”

“बोट कडेला जात नाही,” मिस्त्री म्हणाले, आणि पेटीचे चार बोल्ट सोडायला घेतले.

पेटी निघायला दहा मिनिटं लागली. वायरींना उरलेला दिवस आणि रविवारही पुरणार नाही, अशी आधी चिन्हं होती. बटणांच्या वायरी डाव्या खांबातून वर, छपराच्या पाइपलगत, अशा नेलेल्या. मधोमध आणायच्या तर वीतभर कमी पडत होत्या. जोड द्यायला मिस्त्री तयार नव्हते. वायरीतला जोड म्हणजे पुढच्या महिन्याचा बिघाड, असं ते मानतात, आणि या गाडीचा बिघाड ओढ्यात होणार होता. त्यांनी नव्या वायरीचं भेंडोळं काढलं. त्यात लागणाऱ्या जाडीची वायर निम्मीच होती. दुकानं सोमवारी उघडणार.

बायकोने चष्मा लावला, गाडीखाली वाकून पाहिलं. “वरून कशाला मिरवणूक नेलीत? दोन सीटच्या मधून, खालच्या पोकळीतून आणा. तीच वायर उरेल.”

“तिथे इंजिनाची धग लागते.”

“मग नळीत घालून आणा. पाण्याच्या पाइपावर घालतो ती जाड नळी आहे माझ्याकडे. तीन वर्षं पडून आहे, कुणी विचारत नाही तिला. माझ्यासारखी.”

मिस्त्रींनी मोजपट्टी लावली. वीतभर उरत होती.

सगळी वायरिंग सोडून पुन्हा घालायला रविवार संध्याकाळ झाली. बायको टोकांना पितळी कान दाबून बसवत होती, मिस्त्री गाडीखाली पाठीवर, आणि डॉक्टर फळीवर बसून कोणती वायर कुठली ते चिठ्ठ्यांवर लिहीत होत्या. डॉक्टरांचं अक्षर कुणाला लागत नव्हतं. दोनदा पंपाऐवजी भोंगा वाजला. बटणांची पाटी मधल्या आडव्या पाइपावर क्लॅम्पने बसली. भोक एकही नाही. ती सुबकही नव्हती. विंचचं बटण इतरांपेक्षा वर आणि खरखरीत टोपीचं, भोंग्याचं गुळगुळीत, बोटाला फरक कळावा म्हणून. सुया आणि बाटल्यांसाठी शेवटी एक साधा प्लास्टिकचा डबा हौद्यात पट्ट्याने बांधला.

मग डॉक्टर शेडमागच्या मातीच्या ढिगावर गाडी तिरकी चढवून थांबल्या. गाडी ओढ्यात कलली होती तेवढीच कलली. डोळे मिटले. मिस्त्री ओरडले, बोटं गेली, विंच गुरगुरला. बारापैकी बारा. तेराव्यांदा ते काहीच ओरडले नाहीत तरी भोंगा वाजला.

“हा कशाला?”

“तुझ्या नावाने,” डॉक्टर म्हणाल्या.

सोमवारी मिस्त्री शेडमध्येच होते. खाणीच्या एका गाडीला छप्पर लावत होते आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे एकच क्लॅम्प चार वेळा आवळत होते. डोंगरात काय झालं ते सचिवांनीच नंतर सांगितलं.

पहिले सहा गोठे दुपारच्या आत झाले. सातव्या गोठ्याच्या अलीकडे ओढा होता. पलीकडच्या काठावर पुढचं डावं चाक मऊ मातीत गेलं आणि गाडी डावीकडे कलून बसली. बुधवारी बसली होती तिथेच, कारण दुसरी वाट नव्हती. सचिवांनी सवयीने एक पाय बाहेर काढला.

“बसा,” डॉक्टर म्हणाल्या. “नियम तुमचाच आहे.”

सचिवांनी पाय आत घेतला. डॉक्टर गाडीकडे तोंड करून, मूठ धरून, पायरीवरून उतरल्या. उतरताना आधी दुखरा पाय, चढताना आधी चांगला, हे व्यायामाच्या बाईंनी त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. हुकाची लाल फीत तोडली. दोर ओढत काठीच्या आधाराने वीस पावलं चढल्या, एका झाडाच्या बुंध्याला पट्टा घातला, हुक अडकवला. परत आल्या, चढल्या, मूठ धरली. यात पंचवीस मिनिटं गेली. सचिव म्हणतात, मी आयुष्यात इतका वेळ मदत न करता कधी बसलो नव्हतो. घाम त्यांना नाही, मला फुटला.

मग डॉक्टरांनी समोरच्या दोरावरची नजर न काढता उजवा हात खाली नेला. दोर ताठ झाला, गाडी हिसका देऊन वर आली.

“खाली न बघता बटण कसं सापडलं?” सचिवांनी विचारलं. दिवसभरातला हा त्यांचा पहिला प्रश्न.

“माझ्या भावाला विचारा. त्याला एक आठवडा उशिरा कळलं, पण कळलं.”

नवव्या गोठ्यात एक म्हातारी गाय उठत नव्हती. तिथे दीड तास गेला. सचिवांनी घड्याळ दाखवलं. डॉक्टर म्हणाल्या, घड्याळ तुमच्याजवळच ठेवा. गाय उठल्यावरच त्या उठल्या. अकराव्या गोठ्यात शेवटची सुई टोचली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. तो मावळला असं म्हणायचं की नाही, यावर त्या गोठ्याचा मालक आणि सचिव यांच्यात थोडा वाद झाला. सचिवांनी फोल्डरमधल्या कागदावर लिहिलं: अकरापैकी अकरा. खाली दुसरी ओळ लिहिली: दर सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी. डॉक्टरांनी दुसरी ओळ वाचली आणि सही केली.

सचिव महिन्याभराने स्वतःची गाडी घेऊन शेडमध्ये आले. त्यांना मागे आरसा हवा होता. मिस्त्रींच्या बायकोने त्यांना आधी बसवून डोळे मिटायला लावलं. आरशाला डोळे कशाला मिटायचे, असं विचारायचं त्यांना सुचलं ते घरी गेल्यावर.

स्टीलची पेटी शेडमध्ये खिडकीखाली आहे. आता त्यात खडू असतात.

सहा महिने झाले. दुसऱ्या चाचणीच्या आदल्या आठवड्यात डॉक्टर गाडी घेऊन आल्या. क्लॅम्प आवळून झाले. मिस्त्रींनी खडू घेतला तेव्हा त्या काही न बोलता चढल्या, पट्टा लावला आणि डोळे मिटले.

“विंच!”

बोट टेकलं. मिस्त्रींनी खूण केली आणि खाली वाकून पाहिलं. पुन्हा ओरडले. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदाही तेच.

“कुठे आलं?” डॉक्टरांनी डोळे न उघडता विचारलं.

“दोन बोटं खाली.”

“सीट हलली की मी?”

मिस्त्रींनी सीटच्या चारही बोल्टांवर पाना फिरवून पाहिला. बोल्ट पक्के होते.

“तू.”

“मग?” डॉक्टरांनी विचारलं.

“मग काय. पाटी दोन बोटं खाली.” त्यांनी क्लॅम्पचा बोल्ट सैल केला, पाटी खडूच्या खुणेवर सरकवली आणि बोल्ट आवळायला घेतला.

“नीट आवळ,” डॉक्टर म्हणाल्या. डोळे अजून मिटलेलेच होते. “आणि आता भोंगा विचार.”